सुरुवात कशानं करायची?

2006 सालच्या शरदात न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमध्ये 'द रोलिंग स्टोन्स'चे कार्यक्रम झाले आणि मार्टिन स्कॉर्सेसीनं त्यांचं चित्रीकरण केलं. त्यातून झालेला 'शाइन अ लाइट' हा चित्रपट 2008 मध्ये आला. त्याची सुरुवातीची मिनिटं एका कागदाभोवती फिरतात. त्या रात्री कोणती गाणी कोणत्या क्रमानं होणार, याची यादी स्कॉर्सेसीला हवी आहे आणि ती काही केल्या हाती लागत नाही. पहिलं गाणं गिटारनं सुरू होणार असेल तर कॅमेरा कीथ रिचर्ड्सच्या हातावर हवा, ड्रमनं होणार असेल तर चार्ली वॉट्सवर, आणि गळ्यानं होणार असेल तर मिक जॅगर कुठून येतो ते आधी कळायला हवं. जॅगर मात्र गाण्यांच्या नावांवर खुणा करत, खोडत बसलेला दिसतो. कार्यक्रम सुरू व्हायच्या अगदी तोंडावर कागद येतो. स्कॉर्सेसी पहिलं नाव वाचतो न वाचतो तोच 'जम्पिन जॅक फ्लॅश' कडाडतं.

प्रसंगात थोडं नाट्य घातलेलं असेल, चित्रपटच तो. पण त्यातला प्रश्न खराखुरा आहे. ज्या मंडळींना हे गाणं 1968 पासून पाठ आहे, ज्यांनी ते जगभर वाजवलं आहे, त्यांना सुरुवात कशानं करायची हे ठरवायला शेवटच्या घटकेपर्यंत वेळ का लागावा?

स्टोन्सच्या यादीचं काम कसं चालतं हे बऱ्यापैकी उघड आहे, कारण ते करणारा माणूस त्याबद्दल मोकळेपणानं बोलत आला आहे. चक लव्हेल हा अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात राहणारा पियानोवादक. सत्तरच्या दशकात तो 'ऑलमन ब्रदर्स बँड'मध्ये होता, 1982 पासून स्टोन्सबरोबर आहे आणि एरवी जंगलशेती करतो. 1989 च्या दौऱ्याच्या तालमींपासून त्यानं प्रत्येक गाण्याच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली: स्वर कोणता, लय किती, कडवी किती, शेवट कसा, कोरस कुठे आत येतो. त्या वह्या जाडजूड झाल्या आहेत, आणि तालमीत कुणी अडलं की सगळे त्याच्याकडे बघतात. रोजच्या कार्यक्रमाचा कच्चा मसुदाही तोच करतो. त्या शहरात मागच्या खेपेला काय वाजवलं होतं, ते तो आधी बघतो. मग यादी जॅगरकडे जाते. तो गाणी हलवतो, काढतो, घालतो. शेवटचा शब्द त्याचा, आणि ते योग्यच आहे, कारण दोन तास धावायचं आणि गायचं त्याला असतं.

यादीचा सांगाडा ठरलेला असतो. सुरुवातीला तीन-चार जलद गाणी, मग एखादं संथ, मग नव्या ध्वनिमुद्रिकेतलं एखादं. मध्यावर कीथ दोन गाणी गातो, तेवढ्यात जॅगरला श्वास मिळतो. त्यानंतर एकामागून एक हमखास गाणी, आणि अखेरीस बहुतेक वेळा 'सॅटिस्फॅक्शन'. मधली दोन-तीन गाणी रोज बदलतात. तालमीत मात्र ढिगानं गाणी काढली जातात. 2002-03 च्या 'लिक्स' दौऱ्याच्या वेळी टोरांटोमध्ये शंभराहून अधिक गाण्यांची तालीम झाली होती. चित्रकार असलेला रॉनी वूड अशा तालमीतल्या गाण्यांची नावं रंगीत अक्षरांत मोठ्या फलकांवर रंगवत असतो, आणि त्या चित्रांचं पुस्तकही निघालं आहे. एवढ्या गाण्यांतून सुरुवातीच्या जागेवर कोण आलं हे बघितलं, तर गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत मोजकीच नावं सापडतात, आणि त्यातलीही थोडीच पुन्हा पुन्हा.

याचं कारण पहिल्या गाण्याच्या कामात आहे. स्टेडियममध्ये पन्नास-साठ हजार माणसं उभी असतात. दुपारी साउंडचेक झालेलं असतं ते रिकाम्या खुर्च्यांसमोर. माणसांनी मैदान भरलं की आवाज शोषला जातो, संध्याकाळी हवा बदलते, वारा सुटतो. साउंड इंजिनिअरला सगळा ताळमेळ नव्यानं बसवावा लागतो आणि तो बसवायला त्याच्याकडे पहिलं गाणंच असतं. शिवाय आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. रंगमंचापासून शंभर मीटरवरच्या माणसाला पडद्यावर हात तारेवर पडलेला आधी दिसतो आणि सूर सुमारे तीन दशांश सेकंदांनी येतो. मैदानाच्या मध्यात स्पीकरचे वेगळे मनोरे उभे करतात, आणि रंगमंचावरून येणाऱ्या आवाजाशी जुळावा म्हणून त्यांचा आवाज मुद्दाम उशिरा सोडतात. आणि या सगळ्याच्या वर लोकांचा आरडाओरडा. थोडक्यात, पहिलं गाणं धड कुणालाच ऐकू येत नाही.

म्हणून तिथे असं गाणं लागतं, जे अर्धवट ऐकू आलं तरी पुरं होतं. पहिल्या दोन सुरांत ओळख पटली की पुढचं लोक स्वतःच भरून काढतात. गाण्याची थोरवी तिथे दुय्यम ठरते. 'गिमी शेल्टर' हे स्टोन्सच्या सर्वोत्तम गाण्यांपैकी एक, माझ्या लेखी सर्वोत्तमच. पण त्याची सुरुवात हळूहळू चढत जाते, वरच्या पट्टीतला स्त्रीस्वर हा त्याचा प्राण आहे, आणि त्यातली भीती ऐकणाऱ्यात मुरायला वेळ लागतो. ते पहिल्या जागेवर ठेवलं तर गोंगाटात वाया जाईल. ज्या गाण्याचं थोडंफार नुकसान झालेलं चालेल, असंच गाणं आधी घ्यावं लागतं.

आपल्याकडच्या मैफलीत बडा ख्याल आधी येतो. गवई विलंबित लयीत स्वर लावतो, गळा तापवतो, सभागृहाचा अंदाज घेतो, आणि श्रोता तेवढा धीर धरून बसलेला असतो. रॉकच्या मैदानात ती सवड नाही. गळा तापलेला असो वा नसो, पहिल्या क्षणीच तारसप्तकातला उत्साह दाखवावा लागतो, आणि म्हणूनच ज्याला प्रत्यक्षात तारसप्तकात जावं लागत नाही असं गाणं शोधावं लागतं.

'स्टार्ट मी अप' हे ते गाणं. 1978 च्या आगेमागे पॅरिसमध्ये ध्वनिमुद्रण चालू असताना त्याचे बरेचसे प्रयोग रेगेच्या चालीत झाले होते, आणि ते बाजूला पडलं होतं. ध्वनिमुद्रक ख्रिस किम्झीनं जुन्या टेप धुंडाळताना त्यातला रॉकच्या चालीचा प्रयोग शोधून काढला आणि 1981 च्या 'टॅटू यू'मध्ये ते पहिलं गाणं म्हणून आलं. पुढे मायक्रोसॉफ्टनं विंडोज 95 च्या जाहिरातीत ते वापरलं तेव्हा रॉक न ऐकणाऱ्यांच्याही कानावर गेलं.

त्याची सुरुवात जवळून बघण्यासारखी आहे. या गाण्यात कीथच्या गिटारला पाचच तारा असतात. सगळ्यात जाड, खर्जाची तार तो काढून टाकतो आणि उरलेल्या पाच तारा अशा जुळवतो की कुठेही बोट न ठेवता हात फिरवला तरी जी मेजरची स्वरसंगती वाजते. याला ओपन जी म्हणतात. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यानं ही पद्धत उचलली आणि त्याची अनेक गाजलेली गाणी तिच्यातूनच आली. 'स्टार्ट मी अप'साठी एक बोट गिटारच्या दांडीवरच्या पाचव्या पडद्यावर आडवं दाबायचं आणि दुसरी दोन बोटं मध्येच टेकवून उचलायची. एवढंच. थंड पडलेल्या हाताला, सांध्यांना झेपेल असं. कीथच्या बोटांना संधिवात आहे, हे त्यानं स्वतःच सांगितलेलं आहे. गंमत तालात आहे. गिटार एकटी सुरू होते तेव्हा ऐकणारा आपल्या मनाशी एक सम धरतो. मग ड्रम आत येतात आणि कळतं की सम तिथे नव्हतीच, आपण अर्ध्या मात्रेनं फसलो होतो. लाखो वेळा ऐकलेलं असूनही कान दर वेळी फसतो, आणि त्या सावरण्यात अंगाला झटका बसतो. मैदानभर माणसं एकदम उडी का मारतात त्याचं उत्तर मला त्या अर्ध्या मात्रेत दिसतं. जॅगरच्या गळ्यालाही पहिली ओळ सोपी आहे, जवळपास बोलण्याच्या पट्टीतली. दम लागला तरी निभावतं.

1989 साली सात वर्षांच्या खंडानंतर स्टोन्स रस्त्यावर आले तेव्हा फिलाडेल्फियात त्यांनी याच गाण्यानं सुरुवात केली. मधल्या काळात जॅगर आणि कीथ यांचं जाहीर भांडण झालेलं, बँड फुटला असं बहुतेकांनी धरलेलं. आधी अंधारात मोरोक्कोतल्या जजूका गावच्या वादकांबरोबर केलेल्या 'कॉन्टिनेंटल ड्रिफ्ट'ची टेप, मग आगीचे लोळ आणि कीथचा तो फटकारा. 2005 मध्ये बोस्टनच्या फेनवे पार्कवर, 2006 च्या सुपर बोलमध्ये, 2013 मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये आणि 2024 मध्ये ह्यूस्टनला 'हॅकनी डायमंड्स' दौरा सुरू झाला तेव्हाही तेच.

पण नेहमी असं नव्हतं. 12 जुलै 1962 रोजी लंडनच्या मार्की क्लबमध्ये हा बँड या नावानं पहिल्यांदा वाजला, तेव्हाची यादी पियानोवादक इयन स्टुअर्टनं लिहून ठेवली होती. तिच्यात पहिलं नाव 'कॅन्सस सिटी'चं आहे. स्वतःचं एकही गाणं नाही. अमेरिकी कृष्णवर्णीयांचं ब्लूज आणि आर अँड बी लंडनच्या पोरांना ऐकवायचं, एवढाच कार्यक्रम. त्या काळी पहिलं गाणं म्हणजे आपण कुणाचे शिष्य आहोत याची घोषणा होती.

5 जुलै 1969 च्या हाइड पार्कच्या कार्यक्रमातही पहिलं गाणं दुसऱ्याचं होतं. बँड स्थापन करणारा ब्रायन जोन्स महिन्याभरापूर्वी बाहेर पडला होता आणि 3 जुलैला पोहण्याच्या तलावात मरण पावला होता. त्याच्या जागी आलेल्या विशीतल्या मिक टेलरचा तो स्टोन्सबरोबरचा पहिला कार्यक्रम. जॅगरनं आधी शेलीच्या शोककाव्यातला भाग वाचला, खोक्यांतून पांढरी फुलपाखरं सोडली गेली, आणि मग बँडनं जॉनी विंटरचं 'आय अ‍ॅम युअर्स अँड आय अ‍ॅम हर्स' वाजवलं. टेक्सासच्या या गिटारवादकाचं हे गाणं नुकतंच आलं होतं. लाखोंच्या त्या गर्दीत किती जणांनी ते ऐकलं असेल कुणास ठाऊक. ब्रायनला ते आवडायचं म्हणून घेतलं, असं सांगतात. गिटारी बेसूर होत्या, दोन वर्षांत फारसे कार्यक्रम केलेले नव्हते, आणि ते ध्वनिमुद्रणात सरळ ऐकू येतं. मैदान पेटवण्याच्या हिशोबानं ही निवड सपशेल चुकीची आहे. मला ती फार मोलाची वाटते. दोन दिवसांपूर्वी गेलेल्या मित्रासाठी गर्दीचा विचार बाजूला ठेवून काहीतरी वाजवावं, हे त्या वयातल्या पोरांना सुचलं.

त्यानंतर काही महिन्यांतच अमेरिकेच्या दौऱ्यावर 'जम्पिन जॅक फ्लॅश' पहिल्या जागेवर आलं आणि मैदानी रॉकचा साचा ठरला. 1972 मध्ये त्या जागी 'ब्राउन शुगर' आलं. 1975 मध्ये अ‍ॅरन कोपलंडची 'फॅनफेअर फॉर द कॉमन मॅन' वाजायची, मोठ्या शहरांत कमळासारख्या रंगमंचाच्या पाकळ्या उघडायच्या आणि 'हॉन्की टॉन्क विमेन' सुरू व्हायचं. 1978 मध्ये पंकवाल्या पोरांनी स्टोन्सना म्हातारे ठरवलं होतं, तेव्हा त्यांनी सगळा डामडौल टाकला आणि चक बेरीचं 'लेट इट रॉक' घेऊन थेट मूळ पीठावर गेले.

1981 ची निवड मला सगळ्यात धाडसी वाटते. चार्ली वॉट्स मनानं जॅझवाला. त्या दौऱ्यात ड्यूक एलिंग्टनच्या बँडचं 'टेक द ए ट्रेन' टेपवर लागायचं आणि त्यावरून 'अंडर माय थम' सुरू व्हायचं. हे मध्यम लयीचं, 1966 चं गाणं. त्याचा इतिहास काळा आहे. 6 डिसेंबर 1969 ला कॅलिफोर्नियात अल्टामाँटच्या मोफत कार्यक्रमात, हेच गाणं चालू असताना मेरेडिथ हंटर या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाचा रंगमंचापुढे भोसकलं गेल्यानं मृत्यू झाला होता. बारा वर्षांनी तेच गाणं स्टोन्सनी फिलाडेल्फियाच्या जेएफके स्टेडियममध्ये, भर दिवसा, अगदी सुरुवातीला घेतलं. पिवळ्या-गुलाबी रंगांचा रंगमंच, जॅगर फुटबॉलपटूसारख्या पोशाखात धावतोय. ते त्यांनी हेतूनं केलं की केवळ लय जमली म्हणून, यावर वाद घालता येईल. मला ती बेफिकिरी खुपते आणि तरीही त्या ध्वनिमुद्रणातला चार्लीचा ठेका पुन्हा पुन्हा ऐकावासा वाटतो.

1997 च्या 'ब्रिजेस टू बॅबिलॉन' दौऱ्यात वेगळाच जुगार झाला. जे 'सॅटिस्फॅक्शन' लोक शेवटपर्यंत थांबून ऐकतात, तेच उचलून सुरुवातीला आणलं. पहिल्या मिनिटाला लोक वेडे झाले खरे. पण मग शेवटाला काय ठेवायचं? ते काम 'ब्राउन शुगर'वर पडलं. पुढे 'सॅटिस्फॅक्शन' हळूच आपल्या जुन्या जागी, शेवटाला गेलं. 2017 मध्ये हॅम्बुर्गला 'सिम्पथी फॉर द डेव्हिल' पहिलं घेऊन पाहिलं. लाल प्रकाश, सांबाचा ठेका, जॅगरचं सावकाश येणं. दिसायला देखणं, पण ते गाणं चढत जाणारं आहे, आणि चढायला आधी काहीतरी झालेलं असावं लागतं. नंतरच्या काळात तेही उत्तरार्धात परतलं.

पहिल्या जागेवर बाहेरच्यांचंही लक्ष असतं. 2003 मध्ये 'लिक्स' दौरा आशियात आला. स्टोन्स पहिल्यांदाच भारतात वाजणार होते: 4 एप्रिलला बेंगळुरूत आणि 7 एप्रिलला मुंबईत, ब्रेबर्न स्टेडियमवर. जॅगर आणि चार्ली दोघेही क्रिकेटवेडे, त्यामुळे जागा तशी साजेशीच. चीनमधलेही कार्यक्रम ठरले होते, आणि तिथल्या अधिकाऱ्यांनी चार गाण्यांवर बंदी घातली. त्यात 'ब्राउन शुगर' होतं, म्हणजे त्या दौऱ्यात अनेक रात्री ज्यानं सुरुवात व्हायची तेच. सार्सच्या साथीमुळे चीनचा बेत अखेर रद्द झाला. पुढे 2021 मध्ये बँडनंच ते गाणं यादीतून काढलं. गुलामगिरीच्या क्रौर्यावर नाचत गाणं अनेकांना आता सहन होत नाही, आणि ती हरकत मला रास्त वाटते. चालीची झिंग ओसरली की शब्द अंगावर येतात.

मुंबईनं पुढे आणखी दोन मोठी पहिली गाणी ऐकली, त्यांचा उल्लेख इथे करायलाच हवा. 1 फेब्रुवारी 2008 ला 'आयर्न मेडन'नं आपला जगदौरा वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू केला. चर्चिलच्या भाषणाची टेप आणि त्यावर कोसळणारं 1984 चं 'एसेस हाय'. त्या दौऱ्याचा पहिला सूर मुंबईच्या पोरांनी जगाआधी ऐकला. आणि 15 डिसेंबर 2019 ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये 'यू2'नं 'संडे ब्लडी संडे'नं सुरुवात केली. त्यांच्या त्या दौऱ्यात ड्रमवादक लॅरी मलन एकटाच चालत गर्दीतल्या छोट्या रंगमंचावर यायचा, बसायचा आणि लष्करी ठेका धरायचा. मागचा अजस्र पडदा तोवर कोराच.

स्टोन्सच्या बाबतीत ड्रमचा विषय निघाला की 26 सप्टेंबर 2021 च्या सेंट लुईसमधल्या कार्यक्रमावर यावंच लागतं. चार्ली वॉट्स 24 ऑगस्टला गेला होता. 1963 च्या सुरुवातीपासून तो या बँडमध्ये होता. दौरा रद्द न करता त्यांनी स्टीव्ह जॉर्डनला ड्रमवर बसवलं. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा रंगमंचावर कुणीच नव्हतं. पडद्यांवर चार्लीची चित्रं आणि ड्रमचा ठेका. मग 'स्ट्रीट फायटिंग मॅन'. 1968 चं हे गाणं रस्त्यावरच्या दंगलींचं म्हणून ओळखलं जातं. शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाच्या वेळी तिथल्या रेडिओ केंद्रांनी ते लावायला नकार दिला होता. पण त्याच्या मूळ ध्वनिमुद्रणात कीथनं साधी अ‍ॅकूस्टिक गिटार छोट्या कॅसेट रेकॉर्डरवर टेप केली होती, आणि चार्लीनं जे वाजवलं ते सुटकेसमध्ये मावणारं, 1930 च्या दशकातलं सरावाचं खेळण्याएवढं ड्रमकिट होतं. त्या एवढ्याशा किटवरच्या काठीचा आवाज म्हणजेच त्या गाण्याचा दणका. चार्लीच्या मागे सुरुवात करायला त्यांच्याकडे याहून योग्य गाणं नव्हतं. त्या निवडीवर भाष्य करायची गरजही नव्हती.

एक तक्रार मात्र माझी आहे. 1989, 1994, 1997, 2005, 2024: प्रत्येक मोठ्या दौऱ्याच्या वेळी हाताशी नवी ध्वनिमुद्रिका होती आणि तरी पहिलं गाणं जुनंच. 2023 च्या 'हॅकनी डायमंड्स'मधलं 'अँग्री' ड्रमच्या सरळ ठोक्यानं सुरू होतं, मग गिटार. पहिल्या गाण्याला लागतं ते सगळं त्यात आहे. ह्यूस्टनला ते पाचवं आलं. तिकिटाला एवढे पैसे मोजून आलेला माणूस नव्या गाण्यासाठी आलेला नसतो, हे मला मान्य आहे. पण ऐंशीच्या आसपासची माणसं नवं काही लिहीत असतील, तर एखाद्या रात्री त्यांनी ते पुढे घालावं, निदान आडगावच्या छोट्या मैदानावर तरी.

माझी निवड कुणी विचारली तर ती 1994 ची. बिल वायमन तीस वर्षांनी बँड सोडून गेला होता, बासवर डॅरिल जोन्स नवा होता, जॅगर एक्कावन्न वर्षांचा. वॉशिंग्टनला रंगमंचावर उभ्या असलेल्या उंच नागासारख्या खांबानं आगीचा फूत्कार टाकला. एवढ्या थाटामाटातून वाजलं काय, तर 'नॉट फेड अवे'. बडी हॉलीचं गाणं, बो डिडलीचा ठेका, आणि 1964 मध्ये याच गाण्यानं स्टोन्सना ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत नेलं होतं. चार्ली फक्त टॉमवर तो ठेका धरतो, जॅगर माउथ ऑर्गन काढतो, आणि कीथला मोठं काही करायचंच नसतं. स्टेडियममधल्या अर्ध्या लोकांना ते लगेच ओळखूही आलं नसेल. ओळखीच्या फटकाऱ्याचा हमखास उपाय हाताशी असताना त्यांनी क्लबातलं गाणं साठ हजारांपुढे तसंच ठेवलं आणि ते टिकलं. त्या दौऱ्याची ध्वनिमुद्रणं मिळतात. ऐकताना आवाज मोठा ठेवा, आणि पहिली दोन मिनिटं फक्त ड्रमकडे लक्ष द्या.